छप्पन के म्हणजे नक्की किती?

१९९९च्या श्रावणात मला अमेरिकेतल्या एका महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम मिळालं. ठाण्यात नौपाड्याला आमच्या घराच्या बाहेरच्या खोलीत माझं डीटीपीचं काम चालायचं. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, वर्षाकाठी एखाददुसरा कवितासंग्रह. दिवाळी अंक पहिलाच. १४४ पानं, म्हणजे सोळा-सोळा पानांचे नऊ फॉर्म, शिवाय मुखपृष्ठ. लेख तिकडून येणार, अक्षरजुळणी आणि मांडणी मी करणार आणि छपाई तिकडेच होणार. त्यांच्या संपादकबाईंची एकच अट होती. कुरियर नको, त्यात आठवडा जातो. पानं पीडीएफ करून थेट त्यांच्या सर्व्हरवर चढवायची.

मी लगेच हो म्हटलं, कारण माझ्याकडे मोडेम, म्हणजे फोनच्या लाइनवरून कॉम्प्युटर इंटरनेटला जोडणारं यंत्र, होता. १४.४चा, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १४.४ हजार बिटचा, बाहेरून जोडायचा, एका ओळखीच्या प्रेसवाल्याकडून जुना घेतलेला. ईमेलला तो पुरत होता. घरात इंटरनेट असणं हीच तेव्हा मोठी गोष्ट. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ला मुंबईत सेवा सुरू केली, १९९८च्या नोव्हेंबरात खासगी कंपन्यांना वाट मोकळी झाली, आणि त्यानंतर कुठे आमच्यासारख्यांना तासांचं पॅकेज घेणं परवडायला लागलं.

पहिला फॉर्म तयार झाला तो जवळपास पाच एमबीचा. त्यात एका चित्रकाराची रेखाटनं स्कॅन करून घातली होती. रात्री दहाला पाठवायला बसले. सेकंदाला दीड-पावणेदोन केबी. म्हणजे सरळ हिशेबाने पन्नास मिनिटांच्या वर. चाळिसाव्या मिनिटाला लाइन तुटली. त्या सर्व्हरवर अर्धवट राहिलेली फाइल पुढे चालू करायची सोय नव्हती, पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा पंचविसाव्या मिनिटाला तुटली. तिसऱ्यांदा गेली, तेव्हा घड्याळात साडेबारा वाजून गेले होते. असे अजून आठ फॉर्म बाकी होते. प्रत्येकाची दुरुस्तीची फेरी वेगळी, आणि मुखपृष्ठाची फाइल तर नऊ एमबीची व्हायची होती. त्या रात्रीच ठरवलं, नवा मोडेम घ्यायचा आणि ५६ केचाच घ्यायचा. त्या वेळी सगळीकडे तोच एक शब्द होता, छप्पन के, म्हणजे सेकंदाला छप्पन हजार बिट.

मोडेम कसा निवडायचा हे मी तेव्हा कुणालाच विचारलं नाही. स्टेशनजवळच्या एका दुकानातून १,६०० रुपयांचा आत बसवायचा, म्हणजे पीसीआय कार्डाचा मोडेम आणला. खोक्यावर मोठ्या अक्षरात ५६के. दुकानातल्या मुलाने घरी येऊन बसवून दिला. दोन दिवस बरे गेले, कारण दोन दिवस मी नुसती पाठवत होते. तिसऱ्या दिवशी एकीकडे फाइल चढत असताना दुसरीकडे पेजमेकरमध्ये पुढच्या फॉर्मची पानं लावायला घेतली, आणि कॉम्प्युटर चिखलात बसलेल्या गाडीसारखा झाला. पान बदललं की स्क्रीन अर्धवट रंगून थांबायचा. प्रिंट दिली तर लाइनच गेली. मला वाटलं, मशीन जुनं झालं. पेंटियम १६६ एमएमएक्स, ६४ एमबी रॅम, विंडोज ९८. जुनं होतं खरं, पण इतकं नव्हतं.

माझ्या बहिणीचा मुलगा मंगेश तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला होता. रविवारी जेवायला आला तेव्हा त्याने केस उघडून ते कार्ड बाहेर काढलं आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं.

"मावशी, हे बघ. जवळजवळ रिकामं आहे हे. एक लहान चिप, एक रिले, लाइनचा ट्रान्सफॉर्मर, संपलं. मोडेमचं खरं काम करणारी चिप यात नाहीच."

"मग काम कोण करतं?"

"तुझा पेंटियम. फोनवरून येणारा आवाज हा तसाच्या तसा कॉम्प्युटरकडे देतो. त्यातून आकडे काढायचे, चुका तपासायच्या, सगळी गणितं प्रोसेसरने करायची. तू पेजमेकरला कामाला लावलंस की ती गणितं मागे पडतात आणि समोरचा मोडेम समजतो की हा गेला."

याला सॉफ्टमोडेम किंवा विनमोडेम म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. विंडोजच्या ड्रायव्हरशिवाय तो कार्डाचा नुसता तुकडा. तो स्वस्त का, याचं उत्तरही त्यातच होतं. ज्याचं मशीन नवं आहे आणि जो नुसती मेल बघतो, त्याचं त्यावर भागतं, हेही सांगायला हवं. माझं काम तसं नव्हतं. एकीकडे पाठवणं आणि दुसरीकडे पानं लावणं यातला एक जरी हात थांबला तरी अंक दिवाळीला पोचणार नव्हता.

त्या दुपारी मंगेशने मला दुसरी एक गोष्ट समजावली आणि तिने माझा सगळा विचारच बदलला. मी म्हटलं होतं, "बाहेरचा घेऊ, पण छप्पन केचाच." तो म्हणाला, "तुझं काम वर पाठवायचं आहे ना? मग छप्पनचा तुला उपयोग नाही."

छप्पन के हा आकडा फक्त खाली येणाऱ्या माहितीचा. वर जाणारी माहिती जास्तीत जास्त ३३.६नेच जाते. असं का, ते त्याने वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलं. आपल्या घरापासून एक्स्चेंजपर्यंत तांब्याची तार, तिच्यातून आवाज जातो. एक्स्चेंजमध्ये त्या आवाजाचे आकडे होतात. सेकंदाला ८,००० वेळा आवाज मोजतात आणि प्रत्येक माप २५६ पायऱ्यांपैकी जवळच्या एका पायरीवर बसवतात. ८,००० गुणिले ८ बिट, म्हणजे ६४,०००. आता कापड गजाने मोजताना बोटभर उरलेलं सोडून द्यावं, तसं प्रत्येक मापात थोडंसं सुटतं. ते सुटलेलं म्हणजेच गोंगाट, आणि तो गोंगाट ३३.६च्या फारसं पलीकडे जाऊ देत नाही. छप्पन केची युक्ती अशी की इंटरनेट कंपनीचं टोक एक्स्चेंजला थेट डिजिटलने जोडलेलं असतं. ती कंपनी आवाज पाठवतच नाही, पायऱ्यांचे आकडेच पाठवते. एक्स्चेंजने त्यांचा नुसता आवाज करायचा, मोजायचं काही नाही, त्यामुळे सुटत काही नाही. पण हे खाली येताना. वर जाताना माझ्या मोडेमचा आवाज एक्स्चेंजला मोजावाच लागतो.

वहीचं ते पान मी बरीच वर्षं जपून ठेवलं होतं.

"मग ३३.६चाच घेऊ का? स्वस्त पडेल." मी विचारलं. त्यावर तो जरा थांबला. संपादकबाई प्रुफं बघून सुधारलेली पानं, फोटो, जाहिराती तिकडून पाठवायच्या, म्हणजे खाली उतरवायचंही बरंच होतं. शिवाय ३३.६चे नवे मोडेम बाजारात उरलेच नव्हते, होते ते पडून राहिलेले. शेवटी असं ठरलं की ५६ केचाच घ्यायचा, पण खोक्यावरच्या त्या आकड्यासाठी नाही. पाठवताना कोणता मोडेम टिकून राहील, हे बघून.

पुढच्या शनिवारी आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. ठाण्याहून दादर, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण कॉम्प्युटरचं सामान घ्यायला जाणारा कुणीच त्याला त्या नावाने ओळखत नाही. पाऊस रिपरिपत होता. दुकानांच्या पायऱ्यांवर ओले खोके, त्यावर प्लास्टिक, आत चार माणसं उभी राहतील एवढी जागा. पहिल्या तिन्ही दुकानांत एकच उत्तर मिळालं, "मॅडम, छप्पन के सब सेम है. ब्रँड का फरक है बस."

सगळं सारखं नव्हतंच. एका खोक्यावर 'के५६फ्लेक्स' एवढंच लिहिलेलं होतं. १९९७मध्ये छप्पन केच्या दोन वेगवेगळ्या रीती निघाल्या. एक यूएस रोबोटिक्सची 'एक्स२', दुसरी रॉकवेल आणि ल्यूसेंटची 'के५६फ्लेक्स'. एकीचा मोडेम दुसरीशी छप्पन केमध्ये बोलू शकत नसे. मग १९९८मध्ये दोन्हींची जागा घेणारं व्ही.९० हे एकच मानक ठरलं. म्हणजे नुसत्या के५६फ्लेक्सचा जुना माल घेतला आणि आपल्या इंटरनेट कंपनीकडे ती रीत नसली, तर छप्पन के विसरायचं. मंगेश प्रत्येक खोक्यावर व्ही.९० शोधत होता. त्यानंतर फ्लॅश रॉम आहे का, म्हणजे मोडेमच्या आतलं सॉफ्टवेअर पुढे बदलता येईल का. आणि मग व्ही.४२, म्हणजे वाटेत बिघडलेला तुकडा मोडेम आपणहून पुन्हा मागून घेतो का. व्ही.४२बिस म्हणजे वाटेत माहिती दाबून पाठवणं. ते सगळ्यांवर छापलेलं होतं, पण पीडीएफ आधीच दाबलेली असते, तिच्यात आणखी दाबायला काही उरत नाही. म्हणून "चौपट वेग" असं जे लिहिलेलं असायचं, ते माझ्या कामी नव्हतं.

यूएस रोबोटिक्सचा बाहेरचा मोडेम सगळ्यात चांगला, असं दोघातिघांनी सांगितलं, पण तो माझ्या आवाक्याबाहेर होता. चौथ्या दुकानात डी-लिंकचा बाहेरचा मिळाला. तेव्हा गोव्यात वेर्ण्याला कारखाना असलेली ही कंपनी. रॉकवेलची चिप, व्ही.९०, फ्लॅश. दुकानदार वयस्क होते, त्यांनी आम्हाला हवा तेवढा वेळ दिला. मंगेशने "काका, एकदा जोडून बघू का?" म्हणताच त्यांनी मागच्या टेबलावरच्या मशीनला तो लावून दिला. मंगेशने टर्मिनल, म्हणजे मोडेमला थेट आज्ञा द्यायचा प्रोग्राम, उघडून एटी असं टाइप केलं, खाली ओके आलं. मग एटीआय३, आणि चिपच्या आतल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती स्क्रीनवर आली. "यात स्वतःचं डोकं आहे," तो माझ्या कानाशी म्हणाला. ४,४०० रुपये मोजले. पहिला मोडेम दुकानाने ३०० रुपये कापून परत घेतला होता. ते ३०० मी मनातल्या मनात शिकवणीची फी म्हणून मांडून टाकले.

घरी आल्यावर आधी मशीनचं सिरियल पोर्ट, म्हणजे मोडेमची केबल जिथे लागते ती जागा, तपासलं. जुन्या मशीनमध्ये तिथे असलेली चिप एका वेळी एकच अक्षर धरून ठेवते. मोडेम वेगाने देऊ लागला आणि प्रोसेसर दुसऱ्या कामात असला की मधली अक्षरं सांडतात. चांगल्या चिपमध्ये सोळा अक्षरांची जागा असते. विंडोज ९८च्या मोडेम डायग्नोस्टिक्समध्ये ते दिसतं. आमच्याकडे 'एनएस १६५५०एएन' असं आलं, म्हणजे काळजी नाही. पोर्टचा वेग ११५,२००वर ठेवला.

या ११५,२००वरून आठवलं. आमच्या ओळखीचे ते प्रेसवाले मला सांगत, "माझा एक लाख पंधरा हजारला लागतो." ते खोटं बोलत नव्हते, विंडोज त्यांना तोच आकडा दाखवत होतं. पण तो मोडेम आणि कॉम्प्युटर यांच्यामधल्या हातभर केबलचा वेग. बाहेर लाइनवर काय चाललंय ते वेगळंच. ड्रायव्हर नीट नसला की हा आकडा दिसतो. एटीडब्ल्यू२ ही आज्ञा दिली की लाइनचा खरा आकडा येतो. मी त्यांच्याकडे जाऊन ती घालून दिली, तेव्हा २६,४०० आला. त्यांना फार वाईट वाटलं, आणि सांगायला नको होतं की काय असं मलाही वाटलं.

त्या रात्री आमचा आकडा आला २८,८००.

४,४०० रुपये, एक अख्खा शनिवार, व्ही.९०, फ्लॅश, सगळं असून २८,८००. पुन्हा लावला, ३१,२००. पुन्हा लावला, २८,८००. वर जाण्याचा वेग त्याहून कमी, आणि वीस मिनिटांनी लाइन गेली. मी मंगेशला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, मोडेमचा आवाज ऐक. बंद नको करू, मोठा कर."

मोडेम लागतानाचा तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना वर्णन करायची गरज नाही. आधी नंबराचे सूर, मग तिकडून एक लांब शिट्टी, मग दोघांचं एकमेकांना चाचपून बघणं, आणि शेवटी झऱ्यासारखी खरखर. व्ही.९० जमत असेल तर मधे "डंग, डंग" असे दोन टोले पडतात. त्या टोल्यांत आपला मोडेम वाटेतल्या डिजिटल पायऱ्या ओळखून घेतो. आमच्याकडे ते टोले पडत नव्हते. शिट्टी व्हायची, चाचपणी व्हायची आणि थेट खरखर. म्हणजे दोघांनी वाटेतच ठरवलं होतं की ही लाइन छप्पनच्या लायकीची नाही, आपण ३३.६वाल्या जुन्या व्ही.३४ मानकावरच बोलू.

दुसऱ्या रात्री मी रिसीव्हर उचलून एक आकडा दाबला, म्हणजे डायल टोन जातो आणि लाइन शांत होते. मग नुसतं ऐकलं. खाली बारीक घूंऽऽ असा आवाज होता. ट्यूबलाइट बंद केली, तो कमी झाला. लावली, परत आला.

आमच्या घरी फोन दोन होते. एक बाहेरच्या खोलीत, दुसरा आतल्या खोलीत अण्णांच्या उशाशी. अण्णा म्हणजे माझे सासरे. आतला फोन त्यांनीच जोडला होता, आठ वर्षांपूर्वी, आईंच्या आजारपणात. डॉक्टरांना रात्री-अपरात्री फोन करायला उठून बाहेर यावं लागू नये म्हणून. स्वतः चपट्या दोन पदरी वायरचं भेंडोळं आणून, खिळे मारून त्यांनी ती भिंतीने आतपर्यंत नेली होती. वायर ट्यूबलाइटच्या पट्टीला लागूनच गेली होती, पाच-सहा फूट बरोबरीने. फोनची नेहमीची वायर पीळ दिलेली असते, त्यामुळे शेजारच्या विजेचा गुणगुणाट दोन्ही तारांत सारखा येतो आणि एकमेकांना कापतो. चपट्या वायरीत तसं होत नाही. बोलताना कानाला ते जाणवत नाही, पण मोडेमला २५६ पायऱ्यांतला फरक ऐकायचा असतो.

मला हे अण्णांना सांगणं जड गेलं. ती वायर काढायची म्हणजे फक्त वायर काढणं नव्हतं. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, पण तो फोन त्यांच्या उशाशी तसाच होता. रोज सकाळी ते तो फडक्याने पुसत. मी रात्री सगळं मोकळं करून फक्त एकदाच तपासलं. आतल्या फोनची जोडणी रोझेटपाशी, म्हणजे फोनची लाइन घरात येते त्या भिंतीवरच्या डबीपाशी, सोडली आणि मोडेम थेट रोझेटला लावला. डंग, डंग. ४५,३३३. तोवर मला छप्पनही न मिळाल्याचं काही वाटेनासं झालं होतं. अमेरिकेतसुद्धा लाइनवर सोडायच्या सिग्नलच्या जोरावर नियमाने मर्यादा होती आणि ५३,३३३च्या वर कुणाला जाताच येत नव्हतं.

सकाळी चहाच्या वेळी अण्णांना सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. चहा संपवला, उठून आत गेले, आणि पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बाहेर आले. "कुठून कुठपर्यंत काढायची ते दाखव," म्हणाले.

उपाय मंगेशला सुचला. बाहेरच्या मोडेमला मागे दोन खाचा असतात, एक लाइनची, एक फोनची. रोझेटमधून आधी मोडेम, आणि अण्णांचा फोन मोडेमच्या मागच्या फोनच्या खाचेतून, पीळ असलेल्या नव्या वायरीने, ट्यूबलाइटपासून दूर, दाराच्या चौकटीवरून. मोडेम लाइन घेतो तेव्हा आत रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, पडतो आणि मागचा फोन सुटतो. कुणी रिसीव्हर उचलला तरी फाइल तुटत नाही. पण तेवढा वेळ अण्णांचा फोन मुका. म्हणून अण्णांशी ठरवलं, रात्री ते झोपल्यावर, साडेदहानंतरच पाठवायचं. वायर त्यांनीच टाकली, स्टुलावर चढून. मी खालून टॉर्च धरला.

एवढं करूनही पावसाच्या रात्री वेग पडायचा. तक्रार नोंदवली, लाइनमन आले. जिन्याखालचा डीपी बॉक्स, म्हणजे इमारतीतल्या फोनच्या तारा एकत्र येतात ती पेटी, त्यांनी उघडला तेव्हा मी शेजारी उभी होते. आमच्या पेअरच्या, म्हणजे आमच्या लाइनच्या दोन तारांच्या जोडीच्या, टोकाला तांब्यावर हिरवट पावडर बसली होती, बोटाने घासली तरी निघेना. "वहिनी, जागाच ओलसर आहे, भिंत झिरपते," ते म्हणाले. त्यांनी टोकं कापून नव्याने सोलली, डीपीतली दुसरी, कोरडी पेअर शोधून आम्हाला दिली, टेस्टिंगच्या फोनवरून एक्स्चेंजशी बोलून तिकडेही बदलून घेतली. मग मला रिसीव्हर दिला. "ऐका." काहीच ऐकू येत नव्हतं. इतकी शांत लाइन मी त्याआधी ऐकलेली नव्हती. त्या रात्री ४६,६६७ला लागला, वर जायचा वेग ३१,२००, आणि दीड तास तुटला नाही.

आता यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट. मंगेशने एके दिवशी सहज म्हटलं, व्ही.९०मध्ये वर जाताना ३१,२०० मिळतोय, पण छप्पन के बंद करून नुसत्या व्ही.३४वर लावलं तर दोन्ही बाजूंना ३३,६०० मिळतो का बघ. रॉकवेलच्या चिपला त्यासाठी एक आज्ञा असते, अधिक चिन्ह, मग एमएस, बरोबर ११. बारा म्हणजे व्ही.९०, अकरा म्हणजे व्ही.३४. डायल-अपची दोन कनेक्शनं बनवली. एकाला नाव दिलं 'आणणे', दुसऱ्याला 'पाठवणे'. 'पाठवणे'च्या जादा सेटिंगमध्ये ती ओळ टाकली. लावला. टोले पडले नाहीत, पडायला नकोच होते. ३३,६००. सेकंदाला तीन पूर्णांक सात-आठ केबी. छप्पन केचा मोडेम घेतला आणि माझ्या खऱ्या कामासाठी छप्पन के बंद करून वापरला. पुढे २०००मध्ये व्ही.९२ आलं, त्यात वर जायचा वेग ४८,०००पर्यंत नेला होता. पण तोवर आमचा अंक वाचून झाला होता.

पाच एमबीचा फॉर्म आता तेवीस-चोवीस मिनिटांत जायचा. आणि मेलला जोडून पाठवण्याऐवजी एफटीपीनेच, म्हणजे फाइल थेट सर्व्हरवर चढवायच्या रीतीनेच, पाठवायचं हे पक्कं केलं, कारण मेलला जोडलेली फाइल वाटेत एक तृतीयांशाने फुगते. मशीन मोकळं असायचं. एकीकडे मोडेमवरचा एसडी, म्हणजे माहिती जात असल्याचा, दिवा लुकलुकत असताना मी पुढची पानं लावायची. आमच्या खालच्या मजल्यावर सप्टेंबरच्या एका रात्री वीज कडाडून आतला मोडेम आणि त्याच्याबरोबर मदरबोर्डही गेला. तेव्हापासून ढग वाजले की मी लाइनची वायर रोझेटमधून काढून ठेवायची. बाहेरचा मोडेम असला तरी.

मुखपृष्ठ सगळ्यात शेवटी गेलं, ऑक्टोबरच्या मध्यात. नऊ एमबी. रात्री बाराला सुरू केलं. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळापाशी कनेक्शनच्या चिन्हातले ते दोन छोटे स्क्रीन लुकलुकत होते, मोडेमवर ओएच, सीडी, एसडी तिन्ही दिवे. मी दुसरं काही काम काढलं नाही. नुसती बसून राहिले आणि केबी मोजत राहिले. बारा एक्केचाळीसला शेवटचा तुकडा गेला. तिकडच्या फाइलचा आकार माझ्याकडच्याशी ताडून बघितला, एक बाइटही कमी नव्हता. डिस्कनेक्ट केलं.

मोडेममध्ये टक् असा रिले पडला आणि त्याबरोबर आतल्या खोलीत अण्णांच्या फोनची घंटी एकदाच, अगदी हलकी, टिंग वाजली.

"गेलं का गं?" आतून अण्णांनी विचारलं.